सुपारीचा उंट

धाटावला आमच्या ओटीवर बुद्धिबळाचा एक जुना पट आहे. त्यातला एक काळा उंट केव्हाच हरवला. त्याच्या जागी सुपारी उभी असते. या पटावर मी वडिलांशी खेळलो, मुलाशी खेळलो, आणि सपशेल हरलो तो नातवाशी. तुला हे शिकवले कोणी, म्हणून विचारले तर म्हणतो, "विदितदादाने!"

हा विदितदादा म्हणजे नाशिकचा विदित गुजराथी. जन्म १९९४ चा, २०१३ साली ग्रँडमास्टर. २०२० च्या टाळेबंदीत स्पर्धा बंद पडल्या, तेव्हा समय रैना या विनोदी कलावंताच्या संगतीने तो यूट्यूबवर डाव मांडून बसू लागला. खेळता खेळता गप्पा, चुकले की हशा, आणि हशा ओसरला की ती चाल वाईट का, याचा उलगडा. मला आधी हे सारे थिल्लर वाटले, कबूल करतो. आम्ही ऐकलेले गुरू निराळे. सांगलीच्या भाऊसाहेब पडसलगीकरांनी मुले समोर बसवून घडवली. पाच वेळा राष्ट्रीय विजेती ठरलेली भाग्यश्री साठे त्यांचीच शिष्या. पडद्यावरच्या गुरूला शिष्याचे तोंडही दिसत नाही. पण तो आपली स्वतःची चूक उघडी करून दाखवतो, आणि हे जुन्या गुरूंपैकी किती जणांना जमले असते?

त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ रायगडावरून गेले. विजेचे खांब आडवे झाले. विदितदादा अदृश्य झाला, आणि नातू कंदिलाच्या उजेडात माझ्यासमोर येऊन बसला. तार तुटली की काय होते, हे आम्हां दोघांना तेव्हाच कळले होते.

३० ऑगस्टला ऑनलाइन ऑलिंपियाडचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध रशिया. कर्णधार विदित. पहिली फेरी ३-३ अशी बरोबरीत सुटली. दुसरीत निहाल सरीन आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख यांचा संपर्क मध्येच तुटला. पटावर मोहरी तशीच उभी, आणि घड्याळ मात्र पळते आहे! दोघांचीही वेळ संपली. त्या दिवशी इंटरनेटचा घोटाळा जगभर झाला होता. भारताने दाद मागितली, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष द्वोर्कोविच यांनी सुवर्णपदक दोन्ही संघांना दिले.

नातू नाचला. मला नाचवेना. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या खेळाडूचा असाच संपर्क तुटला होता, आणि तो डाव आपल्याला मिळाला होता. त्यांची तक्रार फेटाळली गेली. ते रागाने स्पर्धा सोडून गेले. एका घरची तार तुटणे वेगळे आणि जगाची तुटणे वेगळे, हे मला समजते. पण कंदिलाजवळ बसलेल्याला दोन्ही अंधार सारखेच.

"म्हणजे आपले सोने खोटे?" नातवाने विचारले.

"खोटे नाही रे. अर्धे."

उरलेले अर्धे मिळायला चार वर्षे लागली. मधल्या काळात, २०२४ च्या एप्रिलमध्ये, टोरांटोच्या आव्हानवीर स्पर्धेत विदितने अमेरिकेच्या नाकामुराला दोनदा हरवले. नाकामुरा स्वतःही पडद्यावरून डाव दाखवणारा नामांकित! तरीही आठांत विदित सहावा आला. नातू दोन दिवस घुश्शात होता. सप्टेंबरात बुडापेस्टला मात्र समोरासमोर बसून, लाकडी मोहऱ्यांनी, भारताने ऑलिंपियाड जिंकले. विदित त्या संघात होता. महिलांनीही सुवर्ण जिंकले. त्यांचा कर्णधार पुण्याचा अभिजित कुंटे, आणि संघात दिव्या.

तीच दिव्या २०२५ च्या जुलैत बाटुमीला हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक घेऊन आली. ते डाव नातवाने मला मोबाईलवर दाखवले. मग म्हणाला, "आजोबा, ओटीवर मांडू या." आणि सुपारीचा उंट त्याने माझ्याकडे सरकवला.