पवईकाठचा दिवा

अंधेरीच्या पूर्वेस, पवई तलावाकाठी, १९५८ साली आय. आय. टी. स्थापन झाली. तेथे २००४ साली नवउद्योगांस आश्रय देणारी ‘साइन’ संस्था निघाली; २०१० साली केंद्र सरकारच्या द्रव्यसाहाय्याने सौरविद्युत् संशोधनकेंद्र उभे राहिले. हे सारे स्तुत्यच. परंतु रॉकेलच्या चिमणीखाली शिकलेल्या माझ्यासारख्यास अधिक अप्रूप वाटते ते तेथल्याच ‘सोल’ योजनेचे. अभ्यासाचा सौरदिवा प्राध्यापकांनी आखला. तो जोडावयास व विकावयास मात्र खेड्यातील मंडळींसच शिकविले. विद्यार्थ्यास तो १२० रुपयांस मिळे. उरलेला भार अनुदानावर. दिवे वाटणारे पुष्कळ असतात हो! बिघडलेला दिवा उघडून पाहणारा जवळपास नसला, की तो महिन्याभरात माळ्यावर जातो. म्हणून दुरुस्तीची केंद्रेही पवईत न ठेवता खेड्यांकडेच काढली.