भिगवणची मासळी : एका ताटाचा इतिहास

१/ अहिल्यानगरजवळच्या केडगावातून दक्षिणेकडे, कर्जत-राशीनमार्गे भिगवणला पोहोचले की रस्त्याकडेच्या साध्या खानावळींतही तळलेली चिलापी अप्रतिम मिळते. समुद्र तर सह्याद्रीपलीकडे. मग या अवर्षणग्रस्त मुलखात मासळी आली कोठून?

२/ उत्तर भीमा नदीत आहे. तिच्यावरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयाचा फुगवटा पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तिन्ही जिल्ह्यांत पसरला. शेतीसाठी अडवलेल्या पाण्याने मासेमारीचा नवा धंदाही उभा केला.

३/ चिलापी म्हणजे टिलापिया. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. भारतात तो १९५२ मध्ये आणला गेला. त्याची पैदास झपाट्याने होते. गरिबाला स्वस्त मासळी मिळाली, पण नदीतल्या मूळच्या जातींवर संकट आले.

४/ सोबतच्या भाकरीची ज्वारीही आफ्रिकेचीच. मात्र ती हजारो वर्षांपूर्वी आली. मसाल्यातली मिरची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या काळात आलेली. भाकरीत दुमडून खाल्लेला हा मासा म्हणजे तीन खंडांचे सँडविचच!

५/ या ताटाची किंमत मात्र काठच्या गावांनी मोजली. घरे आणि कसदार जमिनी पाण्याखाली गेल्या. जुन्या पळसदेवचे प्राचीन मंदिरही बुडाले. पाणी फार ओसरले की ते पुन्हा दिसते.

६/ आपण ज्याला ‘गावरान चव’ म्हणतो, तिचे वय अर्धशतकही नाही. आणि जिथे आज जाळी पडतात, तिथे कालपर्यंत नांगर चालत होता.