वसंतातील टर्की आणि सर्वांचे रान

इ. स. १६१२ मध्ये मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याच्या बंदरात मिळालेल्या कित्येक अपूर्व वस्तू जहांगीर बादशहापुढे नेऊन ठेवल्या. त्यांत एक पक्षी होता. तो लांडोरीहून मोठा, पण मोराहून लहान. माजावर आला म्हणजे त्याचे मस्तक व गळा क्षणात लाल, क्षणात पांढरा होई. बादशहाने आपल्या आत्मवृत्तात त्याचे कौतुकाने वर्णन केले आणि मन्सूर या चित्रकाराकडून त्याचे चित्र काढविले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हा पक्षी म्हणजे टर्की. मेक्सिकोतील लोकांनी तो माणसाळविला, स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो आपल्या किनाऱ्यास लागला. इंग्रजांनी त्यास तुर्कस्थानचे नाव दिले, पोर्तुगीजांनी पेरू देशाचे. वास्तविक दोन्ही देशांशी त्याचा संबंध नाही. मराठी माणसाला ‘पेरू’ म्हटले की फळच आठवते, ते निराळेच.

नाताळच्या मेजवानीतला हा माणसाळलेला टर्की आपल्या परिचयाचा आहे. त्याचा रानटी भाऊबंद मात्र उत्तर अमेरिकेच्या अरण्यांतच राहिला, आणि त्याची गेल्या दीडशे वर्षांची कथा ऐकण्याजोगी आहे.

युरोपियन वसाहतवाले येण्यापूर्वी त्या खंडात सुमारे एक कोटी रानटर्की असावेत, असा अंदाज केला जातो. जंगले तोडून शेते झाली आणि पक्ष्यांचा आसरा गेला. हंगाम नाही, मर्यादा नाही. रात्री झाडावर विसावलेल्या थव्यावर बार काढावेत, दाणे टाकून आमिषाला आलेल्या पक्ष्यांना टिपावे आणि शहराच्या बाजारात विकावे, असा धंदाच चालला. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५१ च्या सुमारास शेवटचा रानटर्की मारला गेला. १९३० च्या आसपास साऱ्या देशात सुमारे दोन लाख पक्षी उरले, आणि तेही दलदली व डोंगरकपारी धरून राहिलेले.

तेथून जे परिवर्तन घडले त्याच्या मुळाशी एक कल्पना आहे. इंग्लंडात अरण्य राजाचे आणि हरीण जमीनदाराचे. आपल्याकडेही ग्वाल्हेर, बडोदे, कोल्हापूर येथील राखीव शिकारीची राने वृद्ध माणसांना आठवत असतील. तेथे सामान्य माणूस शिरला तर हाका घालण्यासाठीच. अमेरिकेत मात्र रानातले जनावर कोणा एकाच्या मालकीचे नसून राज्याने ते प्रजेच्या वतीने सांभाळायचे आहे, हे तत्त्व एकोणिसाव्या शतकात न्यायालयांच्या निकालांतून रुजत गेले. १९०० च्या लेसी कायद्याने चोरून मारलेल्या शिकारीचा राज्याराज्यांतील व्यापार बंद केला. १९११ च्या वीक्स कायद्याने पूर्वेकडील उजाड झालेल्या डोंगरजमिनी विकत घेण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. त्यांतूनच तेथील राष्ट्रीय वने उभी राहिली. १९३७ मध्ये बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना देण्याचे ठरले. म्हणजे बंदूक घेणाऱ्याच्या खिशातूनच पक्ष्याच्या पुनर्वसनाचा खर्च निघू लागला. ही योजना कोणाला विरोधाभासाची वाटेल. पण ती चालली, एवढे खरे.

पैसा मिळाला तरी मार्ग लगेच सापडला नाही. प्रथम खुराड्यांत पिल्ले वाढवून हजारोंनी रानात सोडण्यात आली. ती टिकली नाहीत. स्टार्कर लिओपोल्ड या शास्त्रज्ञाने मिसुरीच्या ओझार्क डोंगरांत केलेला अभ्यास १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. रानटीपणा हा शिकविण्याचा विषय नसून रक्तातून येणारा गुण आहे, असे त्याने दाखविले. संकट येताच खऱ्या रानमादीची पिल्ले पाचोळ्यात निश्चल दडून बसतात. संकराच्या पिल्लांना ते साधत नाही. मग उरलेले अस्सल पक्षीच धरून दुसरीकडे नेणे भाग होते. पण इतका सावध पक्षी धरायचा कसा? १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात त्याचे उत्तर सापडले. दाणे टाकायचे, बाजूला जाळे दडवायचे, आणि थवा जमला की लहान तोफांच्या बाराने ते जाळे त्याच्यावर उडवायचे. अशा रीतीने धरलेले पक्षी खोक्यांतून गावोगावच्या रानांत पोचले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या साठ लाखांच्या पुढे गेली होती.

शिकारीचा हंगाम वसंतात का, असा प्रश्न कोणी विचारील. विणीच्या दिवसांत पारध करणे आपल्या मनाला रुचत नाही. पण या पक्ष्याची रीत वेगळी आहे. एक नर अनेक माद्यांशी जोडा करतो, पिल्लांकडे पाहत नाही. माद्या एकदा अंड्यांवर बसल्या की काही नर गेले तरी वंशाला फारसा धोका नाही, या हिशेबाने केवळ छातीवर केसांचा झुबका असलेला पक्षी मारण्याची मुभा असते. पहाटे नर झाडावरून गडगडाटी साद घालतो. शिकारी झाडाच्या बुंध्याशी टेकून मादीचा आवाज काढतो. त्यासाठी हेन्री गिब्सन याने १८९७ मध्ये लाकडी पेटीच्या वाद्याचे पेटंट घेतले होते. आपले फासेपारधी तितराला अशीच साद घालून बोलावीत. निसर्गक्रमाने मादीने नराकडे जायचे असते. येथे नराला उलट चालत आणायचे, म्हणून तासन्‌तास निश्चल बसावे लागते. खरी पारध ती बसण्याचीच.

मिसुरी राज्याने १९६० मध्ये प्रथम १४ परगण्यांत, अवघ्या तीन दिवसांसाठी असा हंगाम उघडला. ९४ पक्षी मिळाले. २००४ च्या वसंतात त्याच राज्यात साठ हजारांवर पक्षी मारले गेले.

येथूनच नवा पेच सुरू झाला. मिसुरीत दहातील नऊ भागांहून अधिक जमीन खाजगी आहे. ज्याच्यापाशी शेत आहे तो आपल्या शेतात बसतो, पैसेवाला रान भाड्याने घेतो. उरलेले सारे सार्वजनिक वनात येतात. उजाडण्यापूर्वीच वनाच्या फाटकाशी मोटारींची रांग लागते. एका नराच्या सादेवर दोन दिशांनी दोघे जण निघतात, एकाने काढलेला मादीचा आवाज दुसरा खरा मानतो आणि त्या रोखाने सरपटू लागतो. यात जीवही गेले आहेत. नराच्या मस्तकावर लाल, पांढरा व निळा हे रंग दिसतात, म्हणून या तीन रंगांचे कपडे घालू नयेत अशी तेथे शिकवण आहे. पेनसिल्व्हेनियात तर वसंतात पक्ष्याच्या मागावर जाणेच निषिद्ध, बसून बोलावणे तेवढे कायदेशीर. आधी कोणाची मोटार उभी दिसली तर आपण पुढे जावे, हा अलिखित शिष्टाचारही आहे. पक्षी तर याहून लवकर शहाणा होतो. चार दिवस चहूकडून साद ऐकली की तो गप्प बसतो.

यावर राज्यांनी निरनिराळे उपाय योजले. कोठे दुपारी पारध थांबते, कोठे सोडत काढून मोजक्यांनाच परवाना मिळतो. २०२२ मध्ये जॉर्जियाने सार्वजनिक जमिनीवरचा हंगाम खाजगी जमिनीपेक्षा एक आठवडा उशिरा सुरू केला. भूमिहीनाने मागाहून यावे हा कसला न्याय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. मात्र गर्दीचा पहिला मारा सार्वजनिक रानावरच पडतो, हेही खोटे नाही. २०२० च्या साथीच्या वसंतात नेब्रास्काने परराज्यातील शिकाऱ्यांना परवाने देणे थांबविले; २०२४ पासून कॅन्ससने त्यांच्यासाठी सोडत ठेवली. परराज्यातला माणूस म्हणतो, राष्ट्रीय वन साऱ्या राष्ट्राचे आहे, बंदुकीवरचा कर मीही भरतो. राज्य म्हणते, जमीन राष्ट्राची असेल, पक्षी आमच्या प्रजेचा ठेवा आहे. दोघांचेही म्हणणे कायद्यास धरून आहे. गायरानात कोणाची किती गुरे चरावीत, यावर ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले त्यांना हे भांडण परके वाटणार नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ बंदच केली, म्हणून वाटणीचा प्रश्न या रूपात आपल्यापुढे उभा राहिला नाही.

दरम्यान आग्नेयेकडील राज्यांत टर्कीची पिल्ले पूर्वीइतकी जगत नाहीत, असे आढळून आले आहे. काही अभ्यासक म्हणतात, हंगाम फार लवकर उघडतो. माद्यांचा जोडा होण्यापूर्वीच बलिष्ठ नर मारले जातात. इतरांच्या मते दोष बदललेल्या झाडोऱ्याचा आणि अंडी खाणाऱ्या प्राण्यांचा आहे. पक्ष्यांच्या पाठीवर बिनतारी यंत्रे बांधून दोन्ही बाजूंचा पुरावा गोळा केला जात आहे, आणि हंगाम कोणत्या तारखेस उघडावा यावर राज्याराज्यांच्या सभांतून दरवर्षी नव्याने वाद रंगतो.