मातीचे दोन साहेब

१९७३ साली मुक्तिसंग्रामाला पंचवीस वर्षं झाली. आमचं गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात. हिंगोली जिल्हा व्हायला १९९९ उजाडायचं होतं. पोळा होऊन गेल्यावर गुरुजींनी आम्हा चौघा पोरांपुढं पेपरातलं एक कात्रण ठेवलं. म्हणाले, "सतरा सप्टेंबरच्या झेंडावंदनाला हे मातीचं करून मांडायचं."

फोटो सिकंदराबादचा. त्यात निजामाच्या फौजेचा सेनापती एदरूस आणि जनरल चौधरी. हेच चौधरी पुढं १९६५ च्या लढाईत लष्करप्रमुख होते. १३ सप्टेंबर १९४८ ला त्यांची फौज सोलापूरकडून नळदुर्गावर आली, १७ ला निजामानं हार मानली आणि १८ ला एदरूस रीतसर शरण आला. पाच दिवसांत खेळ खलास. लोक त्याला पोलीस अ‍ॅक्शन म्हणतात, पण पोलीस काही रणगाडे घेऊन फिरत नाहीत.

पोळ्याचे बैल करून आमचा हात बसलेला होता. पण बैलाला चार पाय, तो पडत नाही. साहेब काही दोन पायांवर उभा राहीना. मग पायात तुराट्या घातल्या. काळी माती वाळली की तडकते, म्हणून तळ्यातल्या गाळात राख आणि पिंजलेला कापूस मळला. साहेब वीतभर उंचीचे. फोटो काळा-पांढरा, खाकी रंगासाठी हळदीत काजळ कालवलं, तो खाकी कमी आणि शेणकट जास्त झाला. सगळ्यात अवघड गेल्या साहेबांच्या न दिसणाऱ्या बाजू. फोटोत एकच बाजू दिसते, मातीत चारी बाजू कराव्या लागतात. ते उभे होते त्याच्या भोवती काय होतं, हे कात्रणात कुठं असणार?

आजी कौतुकानं बघायला आली. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ह्ये दोघं तर इस्त्रीचे कपडे घालून उभे हायत. ह्यात पैनगंगा कुठं हाय?"

रझाकारांच्या भ्यानं ती माझ्या वडलांना कडेवर घेऊन रातोरात पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली होती. गाठोड्यात भाकरीचं पीठ आणि एक तांब्या. नदीपलीकडं निजामाचं राज्य नव्हतं, एवढंच तिला ठाऊक. आम्ही फळी वाढवली, निळीच्या पाण्यानं नदी रंगवली आणि तिच्या काठानं बोटाएवढी माणसं लावली, डोक्यावर गाठोडी देऊन. गुरुजी रागावले. "फोटोत नाही ते घालायचं नाही. घालायचंच असंल तर वापटीचे बहिर्जी घाला, ते ह्या लढ्यात हुतात्मा झाले." पण नदी त्यांनी पुसायला लावली नाही.

साहेबांच्या बिल्ल्यांसाठी कथील पाहिजे होतं. ते आम्ही कल्हईवाल्या चाचांकडून आणलं. काम बघायला ते शाळेत आले आणि नदीपाशी थांबले. "ये लोगां किधर जा रहे?"

"वऱ्हाडात. रझाकारांच्या भ्यानं."

"हम बी तो भागे थे बाबा," चाचा म्हणाले, "बाद में. वो किधर है?"

त्याआधी ते असं कधी बोलले नव्हते. नांदेडकडचं त्यांचं गाव त्यांनी फौज आल्याच्या आठवड्यात सोडलं होतं, एवढं आजीनं नंतर सांगितलं. रझाकारांचा सूड त्यांच्या नावाशीही संबंध नसलेल्या माणसांवर निघाला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला; सगळ्यात जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर नांदेड होता. तो अहवाल २०१३ पर्यंत लोकांपुढं आला नाही. आम्हाला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. मुक्तिदिनाच्या भाषणात मात्र हे कधी आलं नाही, आणि हे मला अजून खटकतं.

सोळा तारखेच्या रात्री तीन माणसांपुरती माती उरली होती. आम्ही ती केली, नदीकडं पाठ करून, दुसऱ्या दिशेला चाललेली. गुरुजी कंदील धरून उभे होते, काही बोलले नाहीत. सकाळी झेंडावंदनाला ती तिघं ओलीच होती. आलेल्या पाहुण्यांनी साहेबांच्या टोप्यांचं कौतुक केलं. तिघांबद्दल कुणी विचारलं तर काय सांगायचं हे आमचं ठरलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही.