मुले आणि बंगळूरची तीन संग्रहालये

संग्रहालय म्हटले की काचेच्या कपाटांची लांबच लांब रांग, पेंगुळलेला पहारेकरी आणि ‘हात लावू नये’ ही पाटी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. अशा ठिकाणी मुलांना नेणे हे पालकांच्या दृष्टीने कर्तव्य असते आणि मुलांच्या दृष्टीने बहुधा शिक्षा. वस्तुतः ही संस्था आपल्या देशात रुजू लागली तेव्हापासूनच सामान्य माणसाने मुलाबाळांसह आत पाऊल टाकावे कसे, याची चिंता तिच्या चालकांना लागलेली होती. या चिंतेचा इतिहास पाहावयाचा असेल तर बंगळूर शहर फार सोयीचे आहे. १८६५, १९६२ आणि २००१ या तीन सालांत तेथे तीन निरनिराळ्या वृत्तींची संग्रहालये निघाली. त्या शहरात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या दृष्टीने तर या तिन्हींना एक विशेष अर्थ आहे.

अशी मुले आज बंगळुरात पुष्कळ आहेत. शहराच्या पूर्व अंगाला महादेवपुरा नावाचा भाग आहे. तळी, शेते आणि लहान लहान वस्त्या असे त्याचे एकेकाळचे रूप होते. २००७ साली तो महानगरपालिकेत सामील झाला आणि संगणकाच्या व्यवसायाने त्याचा कायापालट केला. पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव अशा गावांहून आलेली मराठी कुटुंबे तेथील उंच इमारतींतून राहतात. ज्या वस्तीत सर्वच काही नवे आहे, तेथे वाढणाऱ्या मुलाला आपण कोणत्या भूमीवर उभे आहोत हे कळावे कसे? घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर कन्नड ऐकणारे मूल केव्हा तरी विचारतेच, की हे आपले गाव आहे की नाही. या प्रश्नाला घाईने दिलेली उत्तरे बरी नसतात. “आपण येथे पाहुणे आहोत,” असे म्हटले तर मूल परके होऊन वाढते. “येथे एकदा आपलेच राज्य होते,” असे म्हटले तर ते शेजाऱ्याला परके मानू लागते. अधिक चांगले उत्तर, माझ्या मते, संग्रहालयांतून मिळते.

पहिले संग्रहालय सरकारी. १८३१ पासून पन्नास वर्षे म्हैसूर संस्थानचा कारभार इंग्रज कमिशनरांच्या हाती होता. राजाची गादी म्हैसुरास राहिली, तरी राज्यकारभाराचे ठाणे बंगळूर झाले. त्या काळात, १८६५ साली, येथे संग्रहालय स्थापन झाले. त्यामागची प्रेरणा डॉक्टर एडवर्ड बाल्फोर यांची. मद्रासचे संग्रहालय १८५१ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याची धुरा प्रथम वाहिली ती याच गृहस्थांनी. तेथे त्यांना एक गमतीचा अनुभव आला होता. आवारात जिवंत वाघ आणि चित्ता ठेवल्याबरोबर लोकांची रीघ लागली. दगड आणि शिंपले पाहण्यास न येणारी माणसे वाघासाठी आली आणि जाता जाता दगडही पाहून गेली! मद्रासचे प्राणिसंग्रहालय निघाले ते यातूनच. कुतूहल आधी आणि ज्ञान मागाहून, हा धडा मुले घेऊन संग्रहालयात जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे.

बंगळूरचे संग्रहालय आरंभी ज्या रस्त्यावर होते, त्याला आजही म्युझियम रोडच म्हणतात. पुढे १८७७ च्या सुमारास ते कब्बन बागेच्या कडेला, आज ज्याला कस्तुरबा रस्ता म्हणतात तेथल्या तांबड्या इमारतीत गेले. येथील संग्रहात मुलांनी अवश्य पाहावी अशी एक शिळा आहे. ती मंड्या जिल्ह्यातील आतकूर गावची असून, दहाव्या शतकाच्या मध्यावर कोरलेली आहे. शिलालेख म्हटला की राजांची बिरुदे आणि दानांच्या याद्या आल्याच. त्या येथेही आहेत. परंतु शिळेच्या मधोमध कोरले आहेत ते दोन प्राणी, एक कुत्रा आणि एक रानडुक्कर, एकमेकांवर तुटून पडलेले.

त्यामागची कथा अशी. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि चोळांचा राजपुत्र राजादित्य यांची ९४९ मध्ये तक्कोलम येथे लढाई झाली. गंग घराण्याचा राजा बूतुग हा कृष्णाच्या बाजूने लढला आणि त्याच्या हातून राजादित्य पडला. बूतुगाच्या पदरी मणलर नावाचा एक वीर होता. त्याच्या पराक्रमावर प्रसन्न होऊन राजाने त्यास हवे ते मागण्यास सांगितले. मणलराने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. त्याने राजाचा ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना तो कुत्रा आणि ते डुक्कर दोघेही मेले. मणलराने आतकूरच्या देवळासमोर ही शिळा उभारली, तिच्या पूजेसाठी जमीन इनाम लावून दिली आणि पूजा केल्यावाचून जो पुजारी जेवेल त्यास पाप लागेल, अशी तंबीही कोरून ठेवली. हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाला आपल्या कुत्र्याच्या मृत्यूने इतके दुःख झाले, हे मुलाला समजावून सांगावे लागत नाही. ते तक्कोलम विसरेल. ‘काळी’ला विसरणार नाही.

आणि मुलाच्या मनात ‘काळी’ एकदा घर करून बसला, की त्याच्यामागून सारा इतिहास चालत येतो. ज्या तिसऱ्या कृष्णाचे नाव या कन्नड लेखात आहे, त्याच्याच घराण्यातील पहिल्या कृष्णाच्या काळी, आठव्या शतकात, वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले. गेल्या सुट्टीत ज्याने वेरूळ पाहिले, त्या मुलाला ही ओळख फार मोलाची वाटेल. आतकूरच्या लेखातील ज्या गंग घराण्याने ‘काळी’ला पोसले, त्याच घराण्याचा मंत्री चावुंडराय याने पुढे तीन दशकांनी, ९८१ च्या सुमारास, श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराची प्रचंड मूर्ती घडविली, आणि त्या मूर्तीच्या पायाशी मराठीतील एक अतिप्राचीन शिलालेख कोरलेला आहे! आपल्या भाषेचा हा इतका जुना पुरावा कन्नड भूमीने सांभाळून ठेवला, ही गोष्ट प्रत्येक मराठी घरात सांगितली गेली पाहिजे. शहाजीराजांना विजापूर दरबाराकडून बंगळूरची जहागीर मिळाली ती १६३८ नंतर. तो सुमारे अर्धशतकाचा अध्यायही सांगावाच. परंतु आरंभ तेथून केला तर मूल केवळ सत्ता शिकेल. आरंभ आतकूरच्या शिळेपासून केला तर त्याला सोबत समजेल.

याच रस्त्यावर जवळच दुसरे संग्रहालय आहे आणि त्याची वृत्ती अगदी निराळी. विश्वेश्वरय्या औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयाचे उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते जुलै १९६२ मध्ये झाले. ज्यांचे नाव त्याला दिले, ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्याआधी तीनच महिने निवर्तले होते. विजेवरचे पहिले दालन लोकांसाठी उघडले ते १९६५ मध्ये, म्हणजे सरकारी संग्रहालयाच्या स्थापनेनंतर बरोबर शंभर वर्षांनी. या शंभर वर्षांत ‘हात लावू नये’ या पाटीची जागा कळीच्या बटणाने घेतली होती. येथे दट्ट्या दाबावा, चाक फिरवावे, दांडा ओढावा आणि काय होते ते पाहावे. गप्प बसावयास न सांगणारे संग्रहालय मुलांना प्रथमच लाभले.

विश्वेश्वरय्या हे कर्नाटकाचे भूषण; पण त्यांच्यातला अभियंता घडला तो पुण्यास. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, १८८३ मध्ये परीक्षेत पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, धुळे, पुणे येथे त्यांची उमेदीची वर्षे गेली. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी १९०३ मध्ये आपोआप चालणारे दरवाजे बसविले. पुराचे पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की दरवाजे आपण होऊन उघडत आणि पूर ओसरला की मिटत. धरणाची भिंत न वाढविता साठा मात्र वाढला. तीच युक्ती पुढे म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागरावर उपयोगी पडली. पुण्याच्या पाण्यावर सिद्ध झालेली कल्पना कावेरीच्या पाण्यावर राबली, हे सांगताना कोणी कोणाला काय दिले याचा हिशेब मांडण्याचे कारण उरत नाही.

तिसरे संग्रहालय महादेवपुऱ्यापासून फार दूर नाही. जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर हिंदुस्थान एरॉनॉटिक्स या कारखान्याने २००१ मध्ये आपले वारसा केंद्र व विमान संग्रहालय उघडले. येथे राजे नाहीत, देव नाहीत. आहे ती एका कारखान्याची चरित्रकथा. १९४० पासूनची छायाचित्रे दशकवार लावलेली आहेत, विमानाचे इंजिन आतून कसे असते हे उलगडून दाखविले आहे आणि अंगणात ‘मारुत’, ‘किरण’ यांसारखी विमाने उभी आहेत.

या कारखान्याचा पाया डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या सहकार्याने घातला. महायुद्धाचा काळ होता; १९४२ मध्ये कारभार सरकारने हाती घेतला. तेथे विमानांची जुळणी होत होती, दुरुस्ती होत होती. पण आपले विमान आपणच आखावे, ही हिंमत पुढे एका मराठी माणसाने दाखविली. त्यांचे नाव डॉक्टर विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यात, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू या गावी १९०८ मध्ये त्यांचा जन्म झाला. जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचा अभ्यास केला आणि बंगळुरास येऊन आयुष्याचे सार्थक केले. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले ‘एचटी-२’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात उडाले. पुढे ‘किरण’ हे जेट विमानही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाले. सीमेलगतच्या एका खेड्यातील मुलगा बंगळुरास येतो आणि तेथील कन्नड, तमिळ, मल्याळी कारागिरांच्या हातांनी देशाचे विमान घडवितो. महादेवपुऱ्यातील मुलाला आपले आईवडील येथे कशासाठी आले, याचे याहून सुंदर उत्तर कोणते देता येईल?

या संग्रहालयांना जाणे आता अवघडही राहिलेले नाही. २०२३ पासून महादेवपुऱ्याच्या सिंगय्यनपाळ्य स्थानकावर मेट्रोत बसले की गाडी न बदलता कब्बन पार्कला उतरता येते. मात्र एका दिवसात सर्व काही पाहून टाकण्याचा हव्यास नको. एका वेळी एक संग्रहालय आणि त्यातही चार-पाच वस्तू पुरेत. वस्तूपुढे मुलाला आधी उभे राहू द्यावे, विचारू द्यावे आणि मग सांगावे. बाल्फोरसाहेबांचा वाघ विसरू नये. आणखी एक सूचना. येथील शाळांतून मराठी मुले कन्नड वाचावयास शिकतात, आईवडिलांना मात्र ती लिपी बहुधा येत नाही. अशा वेळी इंग्रजी पाटीकडे न वळता कन्नड पाटी मुलाकडून वाचवून घ्यावी. बाप ऐकतो आहे आणि मूल अर्थ सांगते आहे, असा उलटा पाठ इतरत्र सहसा घडत नाही. त्या पाठात मुलाला अभिमान मिळतो आणि वडिलांना शेजाऱ्याची भाषा.

गाव आपले असण्यासाठी तेथे आपले राज्य असावे लागत नाही, की पूर्वजांचे वाडेही असावे लागत नाहीत. तेथल्या मातीने काय जपले, तेथल्या माणसांनी काय केले आणि त्यात आपल्यापैकी कोणाचा घाम मिसळला, हे मुलाला ठाऊक असले म्हणजे पुष्कळ झाले. ही ओळख करून देणारी तीन घरे बंगळुरात उभी आहेत. मुलांना सुट्टी लागली की त्यांचा उंबरठा एकदा ओलांडावा.