चमच्याचा आवाज आणि सतरावं वर्ष

मॉरीन डेली या अमेरिकन लेखिकेची ‘सेव्हन्टीन्थ समर’ ही कादंबरी १९४२ साली आली. कुमारवयीनांसाठीच्या कादंबरीचा इतिहास सांगणारे बरेच जण सुरुवात तिथूनच करतात. गोष्ट अगदी साधी आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या फॉन दु लाक या लहानशा शहरात अँजी मॉरो नावाची सतरा वर्षांची मुलगी राहते. तिचं हायस्कूल नुकतंच संपलंय आणि उन्हाळा सरला की ती शिकागोला कॉलेजात जाणार आहे. मधल्या तीन महिन्यांत बेकरीवाल्याचा मुलगा जॅक डुलुथ तिच्या आयुष्यात येतो. जून, जुलै, ऑगस्ट. ऑगस्ट संपतो, जॅकचं कुटुंब ओक्लाहोमाला निघून जातं, अँजी कॉलेजची गाडी पकडते.

या कादंबरीतला माझ्या डोक्यातून न जाणारा प्रसंग चुंबनाचा नाही, चमच्याचा आहे. एका संध्याकाळी जॅक अँजीच्या घरी जेवायला येतो. घर टापटिपीचं, टेबलावर सगळं जिथल्या तिथं. खाताना जॅकचा चमचा दातांना लागून वाजतो आणि तेवढ्या आवाजानं अँजीला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ज्याच्या फोनची वाट बघत ती दिवस काढत होती, त्याचीच तिला लाज वाटते.

मुलगी खरी बदलते ती इथे. आपल्या घरात माणसं कशी जोखली जातात, कोण आपल्या तोलामोलाचं आणि कोण नाही, हे तिच्या आईनं एक शब्द न बोलता तिला शिकवलेलं होतं. पाण्यातल्या माशाला पाणी दिसत नाही, तसं अँजीला ते कधी दिसलं नव्हतं. जॅक समोर येऊन बसला तेव्हा तिला आपलं घर दिसलं. थोरली बहीण लॉरेन मार्टिन कीफ नावाच्या माणसामागे झुरते आणि तो तिला खेळवतोय, हेही अँजीला आता कळू लागतं. नव्या प्रेमानं जॅकपेक्षा भोवतालचं बाकी सगळंच जास्त स्पष्ट झालं. अशा कादंबऱ्यांना ‘उथळ’ म्हणून बाजूला टाकणाऱ्यांनी हा जेवणाचा प्रसंग एकदा वाचावा.

पण हे पुस्तक १९४२ लाच का आलं? अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीनं पोरांच्या हाती लागणारी कामं गेली. काम नाही म्हणून मुलं हायस्कूलातच टिकली. एकाच वयाची मुलं-मुली दिवसभर एका छताखाली, मोठ्यांच्या नजरेपासून थोडी लांब, ही गोष्ट इतक्या मोठ्या प्रमाणावर नवी होती. ‘टीनएजर’ हा शब्द रुळला तो याच सुमारास. ‘सेव्हन्टीन’ नावाचं मासिक १९४४ मध्ये निघालं. डेली स्वतः कॉलेजात शिकत असताना ही कादंबरी लिहीत होती. थोडक्यात, बालपण आणि संसार यांच्यामध्ये चार-पाच वर्षांची एक ओसरी तयार झाली आणि त्या ओसरीवर ही गोष्ट घडली.

आपल्याकडे ती ओसरीच नव्हती. डिप्टी नजीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ १८६९ ची. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. त्यांनी ती मुळात आपल्या मुलींना वाचायला लिहिली होती आणि सरकारनं तिला हजार रुपयांचं इनामही दिलं. तिची नायिका असगरी वयानं अँजीपेक्षा लहानच, पण ती सून आहे. घराचा हिशेब लावते, चोरटी नोकराणी पकडते, मोहल्ल्यातल्या मुलींचा मकतब चालवते. ती सगळ्यांना बदलते, स्वतः मात्र पहिल्या पानावर असते तशीच शेवटच्या पानावर. प्रेमात पडून गोंधळलेली, चुकणारी, स्वतःलाच नवी वाटणारी असगरी नजीर अहमदांना परवडणारी नव्हती.

हरी नारायण आपट्यांची यमू मात्र बदलते. ‘पण लक्षांत कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती. यमूचं लग्न पोरवयातच होतं; तिला प्रेम भेटतं ते लग्नानंतर, नवऱ्याच्याच रूपात. रघुनाथराव तिला वाचायला लावतात, मुंबईला नेतात, आणि दबून राहिलेली पोर हळूहळू बोलकी होते, मतं मांडू लागते. मराठीतली किशोरवयीन मुलीची पहिली मोठी प्रेमकथा कुठली असं मला कुणी विचारलं, तर मी हीच सांगेन, लग्नाच्या आतली असली तरी. मग रघुनाथराव जातात. शंकरमामंजी जबरदस्तीनं तिचं केशवपन करवतात. प्रेमानं जे काही उमललं होतं, ते न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली संपतं. अँजीला जॅक गेल्यावर कॉलेज असतं. यमूला काय होतं?

ही ओसरी आपल्या साहित्यात मला पहिल्यांदा ठसठशीत दिसते ती इस्मत चुगताईंच्या ‘टेढी लकीर’मध्ये, १९४० च्या दशकात. शमन भरल्या घरात वाढते, पण तिच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नसतो. शाळेत ती मिस चरण या शिक्षिकेवर जीव टाकते, पुढे होस्टेलात मैत्रिणींवर, आणखी पुढे मैत्रिणीच्या वडिलांवर. प्रत्येक वेळी शमन थोडी वाकडी होते, थोडी शहाणी होते. लकीर सरळ नाही, हे नावातच सांगून टाकलंय. इस्मत आपांना हे लिहिता आलं कारण त्या स्वतः घरच्यांशी भांडून शाळेत गेल्या होत्या आणि पुढे मुलींच्या शाळेतच शिकवायला लागल्या. होस्टेलची खोली त्यांनी आतून पाहिली होती.

पुढे १९७५ साली एक गंमत आहे. त्या वर्षी अमेरिकेत जूडी ब्लूम यांची ‘फॉरेव्हर’ आली. दोघं प्रेम करतात आणि कुणालाही मरावं लागत नाही, अशी गोष्ट लिही, असं त्यांच्या मुलीनं त्यांना सांगितलं होतं. कॅथरीन आणि मायकेल कायमचं एकमेकांचं असण्याच्या शपथा घेतात आणि उन्हाळी कॅम्पमध्ये कॅथरीनला दुसरा मुलगा आवडू लागतो. बस. कित्येक शाळांच्या ग्रंथालयांतून हे पुस्तक हटवलं गेलं. आणि मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ लिहिली गेली उशिरा, २००४ मध्ये आली, पण घडते ती त्याच सुमारास, आणीबाणीत. नववीतला मुकुंद जोशी शिरोडकरकडे बघू लागतो आणि मग त्याला बापाचा स्वभाव, नरूमामाचा मोकळेपणा, मास्तरांचा खोटेपणा, मित्रांची वाताहत, सगळं वेगळं दिसू लागतं. चमच्याचा आवाज इथेही आहे. फक्त तो मुलाला ऐकू येतो.

हे सगळं मी साहित्याची हौस म्हणून मांडत नाहीये. मी नववी-दहावीला शिकवते. जवळजवळ दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरीपटावरचं मुलीचं एखादं नाव गळतं. कारण सांगितलं जातं ‘तबियत’ किंवा ‘गावाला नेलं’. खरं कारण वर्गाला ठाऊक असतं: वहीत सापडलेली चिठ्ठी, मोबाइलमधला एखादा फोटो. घरचे घाबरतात, आणि ती भीती सगळीच खोटी नसते, हे मी आई म्हणून सांगते. पण ज्या वयात मुलगी पहिल्यांदा स्वतःच्या घराकडे, बोलीकडे, मैत्रिणींकडे नव्या डोळ्यांनी पाहू लागते, त्याच वेळी आपण तिला वर्गातून उचलतो. चिठ्ठी लिहिणारा मुलगा मागच्या बाकावर बसलेलाच असतो. तो दहावी देतो.

गेल्या वर्षी वर्गात ‘शाळा’ची गोष्ट सांगितली, थोडी मराठीत, थोडी आमच्या बोलीत. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते आणि मुकुंद तिथंच राहतो, इथवर आल्यावर मुलगे नाराज झाले, त्यांना दोघांची भेट हवी होती. मुली काही बोलल्या नाहीत. तास संपल्यावर एक जण टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, “टीचर, उसने उधर जाके दसवीं की क्या?”

पुस्तकात तेवढं लिहिलेलं नाही, असं मी तिला सांगितलं. तिनं पुस्तक मागितलं. मराठी वाचायला तिला वेळ लागतो. सध्या ती अर्ध्यावर आहे.