सैंधवाचे नवे नाव

रायपूरहून दुर्गकडे येणाऱ्या हमरस्त्यावर खारून नदी ओलांडली की कुम्हारी लागते. नाव कुंभारांचे, परंतु आज या गावाच्या एका अंगास रायपूर आणि दुसऱ्या अंगास भिलाईची पोलादनगरी सरकत आली आहे, आणि शहर जवळ आले की शहरी दुकानांतील माल मागोमाग येतोच. या मालात अलीकडे गुलाबी मिठाची पुडी दिसते. तिच्यावर बर्फाच्छादित शिखरे छापलेली असतात, खाली 'हिमालयीन' हे विशेषण असते आणि पाठीमागे आरोग्याची बरीच आश्वासने असतात. नोकरीच्या निमित्ताने परप्रांतांत विखुरलेल्या आमच्या वाचकांस ही पुडी बदलीच्या प्रत्येक ठिकाणी भेटत असेल. तिच्यावरील त्या एका विशेषणाचा इतिहास आम्हांस येथे पाहावयाचा आहे.

या मिठास आपल्याकडे नाव नव्हते असे नाही. आजीच्या बटव्यात ते 'शेंदेलोण' होते, वैद्याच्या तोंडी 'सैंधव'. दोहोंचे मूळ एकच : सिंधूच्या प्रदेशातून येते ते सैंधव. अमरकोशात त्यास 'सिंधुज' असाही पर्याय दिला आहे. सिंधुदेशचे घोडेही नामांकित, म्हणून तेही सैंधवच. त्यामुळे शब्दार्थाची चर्चा करणाऱ्या पंडितांस एक लाडके उदाहरण मिळाले. धनी जेवावयास बसला असता 'सैंधव आण' म्हणाला तर मीठ आणावे, आणि प्रवासास निघताना म्हणाला तर घोडा! बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीस पाण्यात विरून जाणाऱ्या मिठाच्या खड्याचा दृष्टान्त देतात, तो खडाही सैंधवाचाच. आणि चरकाने सर्व लवणांत श्रेष्ठ मानले तेही हेच. सारांश, मालाच्या नावात त्याचा मुलूख सांगण्याची रीत अतिप्राचीन आहे. आपल्या पूर्वजांनी सांगितलेला मुलूख मात्र खरा होता.

तो मुलूख म्हणजे झेलम आणि सिंधू या दोन नद्यांमधील मिठाचा डोंगर. त्यातील खेवडा येथील खाण सर्वांत प्रसिद्ध. आज ती पाकिस्तानी पंजाबच्या झेलम जिल्ह्यात आहे. खेवड्याची उंची समुद्रसपाटीपासून हजार फूटही भरत नाही, आणि त्या रांगेतील सर्वांत उंच शिखर सकेसर हे पाच हजार फुटांच्या जवळपास आहे. बर्फाची शिखरे तेथे कोठून असणार? भूशास्त्रज्ञ येथे एक शंका काढतील : ज्या भूकवचाच्या टकरीतून हिमालय उभा राहिला, तिच्याच रेट्याने ही रांगही वर आली आहे. हे खरे. परंतु ते मीठ साचले त्यास पन्नास कोटींहून अधिक वर्षे लोटली आणि हिमालयाचे वय त्याच्या दशांशाच्या आसपास आहे. मीठ आधीचे, पर्वत मागाहूनचा; तेव्हा पर्वताने मिठावर पितृत्व सांगावे हे कालक्रमासही धरून नाही.

अबुल फजलाने 'आईने अकबरी'त या खाणींची नोंद घेतली आहे, आणि कारागीर त्या मिठाच्या तबकड्या व दिवठाणी घडवितात असेही तो सांगतो. आज दिवाणखान्यांत ठेवण्यासाठी मिठाचे दिवे विकले जातात, त्यांची वंशावळ इतकी जुनी आहे. शिखांच्या हातून १८४९ मध्ये पंजाब इंग्रजांकडे गेला आणि खाणीही गेल्या. १८७२ मध्ये डॉ. वॉर्थ यांनी खेवड्यास नवा मुख्य बोगदा खोदविला. याच काळात करावाचून कोणाचेही मीठ हद्दीत येऊ नये म्हणून इंग्रजांनी सिंधूपासून मध्यप्रांतातून थेट महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची जकातरेषा आखली होती. कित्येक ठिकाणी ती म्हणजे जिवंत काटेरी कुंपणच होते, आणि तिच्यावर सुमारे १२,००० माणसांचा पहारा असे. १८७९ मध्ये ती मोडली. मिठाचा खडा कोठून आला हे सरकारास त्या काळी इतके बारकाईने ठाऊक असावे लागे!

छत्तीसगडाची मिठाची कहाणी निराळी. येथे खाण नाही, समुद्र नाही. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर ओरिसाच्या किनाऱ्याचे मीठ घेऊन येत आणि परतताना येथील धान्य नेत. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून या प्रदेशाचा कारभार पाहू लागले. त्यांच्यामागून नागपूरकरांचे सुभेदार आले. त्यांच्यासोबत आलेले मराठी कारकून म्हणजे आमच्या बदलीवरील वाचकांचे पूर्वसूरीच. त्यांच्याही ताटात हेच मीठ पडत असणार. दक्षिणेस बस्तरच्या बाजारांत तर व्यापारी मिठाच्या बदल्यात आदिवासींकडून चारोळी घेत आणि त्या देवघेवीत मनसोक्त लुबाडीत. ज्यास मालाचा उगम आणि भाव ठाऊक नाही त्यास कसे नागवता येते, याचा धडा या प्रदेशाने फार पूर्वीच घेतला आहे.

आता नव्या नावाकडे वळू. 'हिमालयीन' हे बिरुद या मिठास पाश्चात्त्य आरोग्यबाजारात चिकटले. जर्मनीत २००१ मध्ये निघालेल्या 'वासर उंड झाल्त्स' (पाणी आणि मीठ) या हेंडेल आणि फेरेरा यांच्या पुस्तकाने त्याची लाट उसळली, आणि या मिठात ८४ मूलद्रव्ये आहेत हा मंत्र जगभर झाला. वस्तुतः त्यात शंभरांतील ९६ ते ९९ भाग नेहमीचेच मीठ असते. गुलाबी छटा लोहाच्या अल्प अंशाची. उरलेली द्रव्ये इतकी सूक्ष्म असतात की त्यांतून पोषण मिळवावयाचे तर माणसास मीठच पोटभर खावे लागेल. मौज अशी की नावाची शहानिशाही जर्मनीतच झाली : मिठाच्या डोंगरातील मीठ हिमालयाचे म्हणून विकणे ही ग्राहकाची दिशाभूल होय, असा निर्णय कोलोनच्या वरिष्ठ न्यायालयाने २०१० मध्ये दिला. आपल्याकडे तर हे नाव परदेशाची वारी करून आले; घरचे सैंधव नव्या पोशाखात आले आणि आपण त्यास पाहुणा समजून पाट मांडला.

एवढ्याने काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. हिमालयाच्या पायथ्याच्या लोकांस पिढ्यान्‌पिढ्या गलगंडाने पिडले, कारण तेथील माती-पाण्यात आयोडिन कमी. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी १९५६ पासून काँगडा खोऱ्यात आयोडिनयुक्त मीठ पुरवून प्रयोग केला, आणि गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे उतरलेले दाखविले. त्यातूनच १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. छत्तीसगडातही गरिबांस शिधापत्रिकेवर 'अमृत नमक' या नावाने आयोडिनयुक्त मीठ देण्यात आले. ज्या पर्वताच्या लोकांस मिठातून औषध पोचवावे लागले, त्याच पर्वताचे नाव लावून आयोडिन नसलेले मीठ आरोग्याचे म्हणून अनेक पट किमतीस खपावे, ही विटंबना आहे. चिकित्सेसाठी वैद्याने सैंधव द्यावे, उपवासाच्या फराळात ते कोणी घालावे, त्यास आमची हरकत नाही. गर्भवती सून असलेल्या घरात साधे मीठ काढून टाकून केवळ शिखरांच्या चित्रावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

आता उगमाचा प्रश्न तर अधिकच गुंतला आहे. १९४७ मध्ये खेवडा सीमेपलीकडे गेले, तरी मीठ येतच राहिले. पुलवामाच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क बसले आणि मे २०२५ मध्ये ती आयात सर्वस्वी बंद झाली. मग पुड्यांतील खडे आज कोणत्या देशीचे? आयात मालाच्या वेष्टनावर मूळ देशाचे नाव छापण्याचा नियम आहे. ते नाव बहुधा पाठीमागे बारीक टाइपात असते. शिखरे पुढे असतात. पुडी घेताना ती उलटून पाहण्यास अर्धे मिनिट पुरते.

खऱ्या अर्थाने हिमालयाचे म्हणावे असे मीठ भारतात आहे. हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यात द्रंग आणि गुम्मा येथे त्याच्या खाणी आहेत, आणि मंडीच्या राजांस त्यांचे चांगले उत्पन्न असे. ते मीठ मात्र मळकट, करड्या-जांभळ्या रंगाचे. त्यात मातीचा अंश पुष्कळ. म्हणून त्याचा मोठा भाग गुरांपुढे चाटण म्हणून ठेवला जाई.